जपानी मेंदूज्वर: शेजारच्या पोराला दिलेली लस आपल्या पोराला का वाचवत नाही

मार्च २०२५ मध्ये पुण्यात १ ते १५ वर्षांच्या मुलांना जेईची (जॅपनीज एन्सेफलायटिस, म्हणजेच जपानी मेंदूज्वराची) लस द्यायची मोहीम सुरू झाली तेव्हा सोसायट्यांच्या ग्रुपवर पहिला प्रश्न हाच, की हे काय आता नवीन? डेंग्यू माहितीये, चिकनगुनिया घरोघरी होऊन गेलाय, मलेरिया तर आजोबांपासूनचा, मग हा जपानी ताप कुठून उपटला आणि सगळ्या पोरांना एकदम सुई कशाला. प्रश्न रास्त आहे. पण नवीन म्हणाल तर यात काहीच नाही. १९५२ मध्ये पुण्यात व्हायरस रिसर्च सेंटर सुरू झालं, तीच आजची एनआयव्ही, म्हणजे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, आणि त्याच सुमाराला नागपूर भागातल्या लोकांच्या रक्ताच्या तपासणीत या विषाणूविरुद्धच्या अँटिबॉडी सापडल्या होत्या. म्हणजे विषाणू तेव्हाही विदर्भात फिरत होता, फक्त त्याच्या नावाने पेशंट कोणी ओळखला नव्हता. माणसातली पहिली केस १९५५ मध्ये तमिळनाडूत वेल्लोरला नोंदली गेली, १९७३ मध्ये पश्चिम बंगालात बांकुडा आणि बर्दवानला पहिली मोठी साथ आली, आणि १९७८ पासून गोरखपूरचं नाव या आजाराला जे चिकटलं ते अजून सुटलेलं नाही.

आपला घोळ असा होतो की डासाचा आजार म्हटलं की डोक्यात डेंग्यूच येतो. कूलर रिकामा करा, कुंडीखालच्या ताटल्या पालथ्या घाला, कोरडा दिवस पाळा, आणि संध्याकाळी फॉगिंगची गाडी येऊन गेली की नगरसेवकाचा धुरात उभा असलेला फोटो. डेंग्यूसाठी यातलं बरंचसं बरोबर आहे (फोटो सोडून). जेईमध्ये यातलं जवळजवळ काहीच चालत नाही, कारण इथे डास वेगळा आहे, त्याची राहायची जागा वेगळी आहे, आणि मुख्य म्हणजे माणूस या खेळात नाहीच, तो चुकून मधे सापडतो.

डास आहे क्युलेक्स जातीतला, त्यातही क्युलेक्स ट्रायटेनिओरिंकस आणि त्याची भावंडं, ज्यांना विश्नुई गट म्हणतात. हा धानाच्या बांधीत, म्हणजे बांध घालून पाणी अडवलेल्या भाताच्या खाचरात वाढतो. भंडारा-गोंदियाकडे रोवणी झाली की बांधीत घोट्याएवढं पाणी साचलेलं असतं, रोपं अजून विरळ असतात, ऊन थेट पाण्यावर पडतं, युरिया टाकलेला असतो, आणि नेमक्या याच काही आठवड्यांत अळ्या मोजायला गेलं तर लांब दांड्याच्या एका ओगराळ्यात वळवळताना दिसतात. रोपं दाट झाली, पाण्यावर सावली पडायला लागली की संख्या उतरते. आता सांगा, कुठला कूलर रिकामा करणार? शेकडो एकर पाणी आहे ते, आणि ते तिथे असायलाच हवं, नाहीतर धान होणार नाही.

अंधार पडला की हे डास गोठ्यांकडे वळतात, कारण त्यांना माणसापेक्षा गाय, म्हैस आणि डुक्कर जास्त आवडतात. आरोग्य खात्यातले कीटक समाहारक म्हणूनच संध्याकाळी टॉर्च आणि काचेची नळी घेऊन गोठ्यात जातात, जनावराच्या अंगावर किंवा कुडाला बसलेला डास नळीने तोंडाने ओढून पकडायचा, जाळीमुळे तो घशात जात नाही एवढंच, मग जातीप्रमाणे वेगळे करायचे आणि पन्नास-पन्नासच्या गटाने विषाणूसाठी लॅबला पाठवायचे. हे काम करणाऱ्यांची पदं कित्येक ठिकाणी रिकामी असतात आणि त्याची बातमी कधी होत नाही. पोट भरलं की हा डास बहुतेक वेळा बाहेर झाडाझुडपांत जाऊन बसतो, घराच्या भिंतीवर नाही, त्यामुळे मलेरियासाठी आपण भिंतींवर जी फवारणी करतो तीही इथे फारशी उपयोगाला येत नाही. साथ आली की गावात धूर मारतात, त्याने उडणारे थोडे मरतात, दोन दिवसांनी बांधीतून नवीन येतात.

विषाणू मुळात राहतो तो पाणथळीतल्या पक्ष्यांत, बगळे, ढोकरी वगैरे. पक्ष्याला काही होत नाही. डासाने त्याचं रक्त प्यायलं, मग तोच डास डुकराला चावला, की खरा गुणाकार सुरू होतो. डुकराच्या रक्तात हा विषाणू काही दिवस इतका भरमसाट वाढतो की त्याला चावणारा बाकीचा प्रत्येक डास विषाणू घेऊन उडू शकतो. मोठं डुक्कर आजारीसुद्धा दिसत नाही, गाभण मादीची पिल्लं मात्र मरतात. एकदा होऊन गेलं की त्या डुकराला प्रतिकारशक्ती येते, पण पाळलेलं डुक्कर जगतं किती, वर्षभर फार तर, आणि मादी वर्षातून दोनदा विते. म्हणजे विषाणूला कधीही कोरी, प्रतिकारशक्ती नसलेली पिल्लं हजरच. गाई-म्हशींचं उलटं आहे, डास त्यांना भरपूर चावतात पण त्यांच्या रक्तात विषाणू एवढा वाढत नाही, तिथे साखळी तुटते.

माणसाच्या बाबतीतही तेच. आपल्या रक्तात विषाणू थोडाच वाढतो आणि थोडाच वेळ टिकतो, त्यामुळे आपल्याला चावलेला डास रिकामाच परत जातो. जेईच्या पेशंटकडून दुसऱ्या कोणालाही हा आजार होत नाही, त्याच्याशेजारी बसा, त्याचं ताट उचला, काही होत नाही. आणि इथेच लसीचं गणित गोवर-पोलिओपेक्षा वेगळं होतं. गोवरात गावातल्या बहुतेक पोरांना लस दिली की विषाणूला पुढे सरकायला माणूस मिळत नाही, मग ज्या एखाद्या पोराची लस राहिली तेही झाकलं जातं. जेईमध्ये गावातल्या नव्व्याण्णव पोरांना लस दिली तरी शंभराव्याला काडीचा फायदा नाही, कारण विषाणू पोरांतून पोरांत येतच नव्हता, तो बगळ्याकडून डुकराकडे आणि डुकराकडून डासामार्फत येत होता आणि ते सगळे जिथल्या तिथे आहेत. प्रत्येक पोराला स्वतःचीच लस लागते.

याचा सगळ्यात चांगला पुरावा जपानमध्येच आहे. १९२४ मध्ये तिथे सहा हजारांवर लोकांना हा आजार झाला, १९३५ मध्ये विषाणू वेगळा काढला गेला, आणि युद्धानंतरच्या काळातही काही वर्षं हजारोंच्या संख्येने केसेस होत्या. मग लस आली, डुकरं घरामागच्या खोपटातून लांबच्या मोठ्या फार्मवर गेली, भातशेतीची पद्धत बदलली, मधेच काही दिवस पाणी काढून शेत सुकवायची रीत तर तिथे पक्की आहेच, त्याने अळ्या मरतात. १९९० च्या दशकापासून वर्षाला साधारण दहाच्या आतच केसेस. पण तिथले लोक अजूनही दर वर्षी डुकरांचं रक्त तपासतात आणि कित्येक भागांत अँटिबॉडी सापडतात. म्हणजे विषाणू गेलेला नाही, लस थांबवायची सोय नाही. २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाला हे नव्याने कळलं, आग्नेय भागातल्या राज्यांत, जिथे हा आजार कधी नव्हता, तिथे डझनावारी डुक्करफार्मवर मेलेली पिल्लं जन्माला आली आणि पाठोपाठ माणसं दगावली.

आता आजाराकडे. विषाणू अंगात गेलेल्या साधारण अडीचशे जणांत एकाला मेंदूचा त्रास होतो, बाकीच्यांना काहीच कळत नाही किंवा साधा ताप येऊन जातो. ऐकायला बरं वाटतं, पण धानाच्या पट्ट्यात एका मोसमात चावे किती बसतात ते धरा आणि मग हिशोब करा. जिथे विषाणू वर्षानुवर्षं आहे तिथे मोठी माणसं न कळत इम्यून झालेली असतात म्हणून मुलंच सापडतात, जिथे नवीन आला तिथे मोठ्यांनाही होतो, आसाममध्ये मोठ्या माणसांच्या केसेस इतक्या दिसल्या की काही जिल्ह्यांत त्यांनाही लस द्यावी लागली.

चावल्यानंतर चार ते चौदा दिवसांनी ताप, डोकेदुखी, उलट्या, आणि मग एकदम पोरगं बरळायला लागतं, ओळखत नाही, झटके येतात, बेशुद्ध पडतं. विषाणू मेंदूच्या पेशींत शिरतो, पण नुकसान एकटा तो करत नाही, मेंदूतल्या संरक्षक पेशी चवताळून जे रसायनं सोडतात त्यात चांगल्या पेशीही मरतात आणि मेंदूला सूज येते. आवडीची जागा म्हणजे मेंदूच्या मधोमध असलेला थॅलॅमस, एमआरआयमध्ये दोन्ही बाजूंना पांढरे डाग दिसतात, आणि हालचाल सांभाळणारा आसपासचा भाग. त्यामुळे काही मुलांचा चेहरा मुखवट्यासारखा होतो, डोळे उघडे, पापणी हलत नाही, हात थरथरतात, अंग ताठ, म्हातारपणच्या पार्किन्सनमध्ये जे दिसतं ते सात वर्षांच्या पोरात. विषाणू मारणारं औषध आजही नाही. झटके थांबवायचे, मेंदूची सूज उतरवायची, श्वास आणि सलाईन सांभाळायचं, एवढंच डॉक्टरांच्या हातात.

मेंदूज्वर झालेल्यांपैकी तीस टक्क्यांपर्यंत दगावतात. जगलेल्यांतही खूप जणांना कायमचं काहीतरी राहतं, बोलणं जातं, एक बाजू लुळी पडते, फिट्स राहतात, शिकलेलं पुसलं जातं. जगभरात वर्षाला ६८ हजार केसेसचा एक अंदाज कायम दिला जातो, पण सरकारी आकड्यात घरी परत आलेलं पोरगं 'बरा झाला' या रकान्यात पडतं, आणि त्याला पुढची वीस वर्षं भरवणारी आई कुठल्याच रकान्यात येत नाही. मला विचाराल तर या आजाराचा खरा बोजा तिथे आहे.

आपल्याकडची सगळ्यात वाईट साथ २००५ ची, पूर्व उत्तर प्रदेशात साडेपाच हजारांहून जास्त पेशंट आणि तेराशेहून जास्त मृत्यू, बहुतेक मुलं. गोरखपूरच्या बीआरडी मेडिकल कॉलेजमध्ये एकेका खाटेवर दोन-तीन पोरं. त्याआधी आपल्याकडे लस होती, हिमाचलात कसौलीला उंदरांच्या मेंदूत वाढवून बनवायचे, पण ती पुरेल एवढी कधीच होत नव्हती आणि डोसही जास्त लागायचे. त्या साथीनंतर २००६ मध्ये चीनची एसए-१४-१४-२ नावाची लस आणून ११ जिल्ह्यांतल्या १ ते १५ वर्षांच्या मुलांना दिली. एवढी मुलं गेल्यावर.

लसीनंतर जेईच्या केसेस उतरल्या. आणि तरी गोरखपूरचे वॉर्ड दर पावसाळ्यात भरतच राहिले. इथे गोष्ट गुंतागुंतीची होते. ताप, झटके, बेशुद्धी याला सरकारी भाषेत एईएस म्हणतात, त्यात जेई हे एक कारण, एकमेव नाही. पाठीतलं पाणी तपासून जेई निघत नव्हतं तरी लोक, पेपरवाले, पुढारी सगळ्यालाच 'दिमागी बुखार' म्हणत होते. पुढे २०१४ नंतरच्या तपासण्यांत कळलं की त्यातल्या मोठ्या वाट्याचं कारण स्क्रब टायफस आहे, गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्याने होणारा जंतूंचा आजार, ज्याला डॉक्सिसायक्लिन किंवा अझिथ्रोमायसिन या स्वस्त गोळ्या वेळेत दिल्या तर पोरगं वाचतं! बिहारात मुजफ्फरपूरला उन्हाळ्यात जाणारी मुलं ही तिसरीच भानगड निघाली, रात्री उपाशी झोपलेल्या कुपोषित पोरांनी लिची खाल्ल्यावर साखर एकदम कोसळायची, तिथे ग्लुकोज हेच औषध. आणि आपल्या नागपूरजवळच्या चांदीपुऱ्यात १९६५ मध्ये सापडलेला चांदीपुरा विषाणू तर डासाने नाही, वाळूमाशीने पसरतो, २००३ मध्ये आंध्र आणि महाराष्ट्रात आणि २०२४ मध्ये गुजरातेत त्याने मुलं नेली, तीही एक-दोन दिवसांत. म्हणून 'मेंदूज्वर आहे, इलाज नाही' असं म्हणून कोणी हात वर केले तर आधी तपासणी झाली का ते विचारायचं. ती पाठीतलं पाणी किंवा रक्त घेऊन होते, त्याची किट एनआयव्हीच बनवून देशभर पाठवते, आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत निगेटिव्ह आली तरी पुन्हा करावी लागू शकते. पाठीतून पाणी काढलं की पोरगं लंगडं होतं ही भीती निव्वळ अफवा आहे, लंगडं होतं ते आजाराने.

लस आता आपलीही आहे. कर्नाटकात कोलारला एका पेशंटमध्ये सापडलेला विषाणू एनआयव्हीने जपून ठेवला होता, त्यापासून भारत बायोटेकने जेनव्हॅक बनवली, ती २०१३ मध्ये आली. नेहमीच्या लसीकरणात जेईचे दोन डोस असतात, नऊ महिने पूर्ण झाल्यावर पहिला आणि १६ ते २४ महिन्यांत दुसरा, पण ते सगळीकडे नाही, जिथे आजाराची नोंद आहे त्या जिल्ह्यांतच. आपल्याकडे विदर्भातले बरेच जिल्हे त्यात आधीपासून आहेत. मला ही जिल्ह्यांची पद्धत थोडी मागे पडल्यासारखी वाटते, कारण जिल्हा यादीत यायला आधी तिथे केसेस सापडाव्या लागतात, आणि केसेस सापडायला तिथे कोणीतरी तपासावं लागतं, जे मोठ्या शहराबाहेर नेहमी होतंच असं नाही. तुमचा जिल्हा यादीत आहे का ते आशाताईंना किंवा पीएचसीत विचारा, पोराच्या कार्डावर दुसऱ्या डोसचा रकाना रिकामा असेल तर तोही दाखवा, पहिला घेऊन दुसरा विसरणारे खूप असतात.

बाकी संध्याकाळनंतर पोरांना लांब बाह्यांचे कपडे, झोपताना मच्छरदाणी, डुकरांचं खोपट घरापासून शक्य तेवढं लांब, आणि बांधीचं पाणी मधे दोन-तीन दिवस सुकू देणं जमत असेल तर उत्तमच, त्याने पाणीही वाचतं. आणि ताप आलेल्या पोराला झटका आला तर कांदा नाही, चप्पल नाही, दातांत चमचा नाही, तोंडात पाणीही नाही, कुशीवर वळवायचं, किती वेळ चाललाय ते घड्याळात बघायचं आणि १०८ ला फोन लावायचा.