मैफल ठेवायची की सप्रयोग व्याख्यान?

कापूस घरात आला, तुरीची सवंगणी आटोपली, की आमच्या विदर्भात कार्यक्रमांचे दिवस सुरू होतात. सप्ताह, भजन स्पर्धा, आणि एखाद्या गावात शास्त्रीय गायनही. पत्रिकेवर मात्र बहुधा 'शास्त्रीय संगीताचा कार्यक्रम' एवढंच छापलेलं असतं. ती मैफल आहे की सप्रयोग व्याख्यान, म्हणजे गाऊन दाखवत समजावणं, हे मंडळानं ठरवलेलं नसतं आणि गायकालाही कोणी सांगितलेलं नसतं.

वरून दोन्ही सारखीच दिसतात: तानपुरा, तबला, पेटी, मधोमध गाणारा. पण मैफलीत गाणं अधेमधे थांबत नाही. विलंबित, म्हणजे संथ, एकतालाच्या बारा मात्रांचं एकच आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, पाऊण मिनिट चालू शकतं. तेवढ्यात गायक एकेक स्वर वाढवत समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येतो आणि राग सावकाश उभा राहतो. मध्येच "आता मी गंधारावर आलो" असं त्यानं सांगितलं, तर जमत आलेलं सगळं विस्कटतं. व्याख्यानात उलट थांबणं हेच काम असतं. थांबायचं, परत गाऊन दाखवायचं, आणि मुद्दाम चुकायचंसुद्धा.

भूप आणि देशकार हे दोन राग घ्या. दोघांचे स्वर तेच पाच: सा, रे, ग, प, ध. मध्यम आणि निषाद दोन्हींत नाहीत. पण भूपाचा जीव गंधारात, विस्तार पूर्वांगात, म्हणजे सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात, आणि वेळ रात्रीच्या पहिल्या प्रहराची. देशकार धैवतावर उभा, उत्तरांगाचा, म्हणजे वरच्या अर्ध्याचा, सकाळचा. त्यात रिषभ दुबळा. रागांची वर्गवारी करणाऱ्या भातखंड्यांनी एकाला कल्याण थाटात, म्हणजे रागांच्या गटात, घातलं आणि दुसऱ्याला बिलावलात. नुसतं वाचून यातलं फार काही हाती लागत नाही. व्याख्यानात गायक भूप गाता गाता जाणूनबुजून धैवतावर रेंगाळतो, तिथून वरच्या षड्जाकडे जातो, आणि भजनी मंडळाचा पेटीवाला चटकन मान वर करतो. "मंग हे दोन येकच हायेत का येगळे?" या प्रश्नाचं उत्तर तिथल्या तिथे गाऊन देता येतं. हेच मैफलीत घडलं तर भूपात देशकार डोकावला, असा दोष लागतो.

गावात आधी समजावून सांगावं लागतं, मैफल झेपणार नाही, असं आयोजक म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. तुकडोजी महाराजांनी 1935 साली मोझरीला गुरुकुंज उभारलं. त्यांची खंजिरी भजनं आजही गावोगाव रात्र रात्र चालतात. पेटीची काळी चार की काळी पाच, हे इथला भजनकरी पट्टी ऐकून सांगतो. गायक वसंतराव देशपांडे 1920 मध्ये जन्मले ते इथल्याच मूर्तिजापूरला. या लोकांना मैफलीआधी प्रस्तावना नको, निवांत दोन तास द्या.

व्याख्यानाची खरी जागा जिल्हा परिषदेची शाळा. तिथे तीनतालाच्या सोळा मात्रा मुलांच्या हातावर येऊ द्या. नवव्या मात्रेला, खालीला, टाळी न देता हात बाजूला न्यायचा, हे पोरं लगेच उचलतात.

सगळ्यात वाईट म्हणजे दोन्हींची मिसळ. पाच मिनिटं गाणं, दहा मिनिटं बोलणं, मग "एखादं नाट्यगीत होऊ द्या". ना राग ऐकून होतो, ना काही कळतं.

माईकचंही आधीच बघा. बोलणं स्पष्ट ऐकू आलं की व्याख्यानाचं भागतं. मैफलीला डीजेचे बॉक्स लावले तर तबल्याचा बायाँ (डग्गा) एवढा घुमतो की तानपुरा हरवतो.

कलाकार मुक्कामाला येणार असेल तर रात्री सभामंडपात भूपाची मैफल ठेवा आणि सकाळी शाळेत देशकार घेऊन व्याख्यान. रात्री ऐकलेले मोठेही येतील. मानधन दोन्हींचं वेगळं ठरवा आणि पत्रिकेत दोन्ही कार्यक्रम नावानिशी, वेळेसकट छापा.