लाखीश पडले, यरुशलेम वाचले: इ.स.पू. ७०१चा पुरावा

बायबलमधल्या इतिहासाला जमिनीतून आधार मिळतो का, हा वाद दीडशे वर्षांहून जुना आहे आणि दर वेळी तो यरीहो नगराच्या कोसळलेल्या भिंतींच्या कथेपाशी नाहीतर इस्राएली लोकांच्या मिसरमधून (इजिप्तमधून) झालेल्या निर्गमनापाशी जाऊन अडतो. यरीहोचे उत्तर बरेचसे मिळालेले आहे. कॅथलीन केन्यन यांनी १९५२ ते १९५८ या काळात तिथे खणले. तिथल्या मोठ्या विध्वंसाचा काळ त्यांनी इ.स.पू. १५५०च्या आसपास ठरवला, म्हणजे बायबलप्रमाणे यरीहो जिंकणारा इस्राएली नेता यहोशवा याच्या स्वारीसाठी धरल्या जाणाऱ्या काळाच्या बराच आधीचा. निर्गमनाचा थेट पुरावा अजून हाती लागलेला नाही. पण एवढ्यावरून सगळा ग्रंथ निकालात काढणे घाईचे आहे. राजांच्या काळात शिरलो की चित्र झपाट्याने पालटते आणि इ.स.पू. ७०१ या एका वर्षाबाबत तर धर्मग्रंथ, शत्रूचे दप्तर आणि माती तिघेही एकाच घटनेबद्दल बोलतात.

आधी थोडे मागे जायला हवे. इस्राएल हे नाव सर्वात आधी भेटते ते मिसरचा राजा मर्नेप्ताह याच्या शिलालेखात. तो इ.स.पू. १२०८च्या सुमाराचा असून फ्लिंडर्स पेट्री यांना १८९६ मध्ये थिबीस इथे सापडला. बायबलमधला राजा दावीद याच्या घराण्याचा उल्लेख १९९३ मध्ये तेल दान इथे मिळालेल्या अरामी शिलाखंडावर आहे. तोवर दावीद निव्वळ दंतकथा असावा, असे म्हणणारे अभ्यासक होते. त्या एका तुकड्याने त्यांची बाजू बरीच लंगडी केली. उत्तरेकडचे इस्राएलचे राज्य इ.स.पू. ७२२च्या सुमारास असीरियाने (मराठी बायबलातल्या अश्शूरने) बुडवले. दक्षिणेला यहूदाचे छोटे राज्य उरले आणि तेही असीरियाला खंडणी भरून. इ.स.पू. ७०५ मध्ये असीरियाचा राजा सार्गोन रणात पडला. मांडलिकांनी लगेच डोके वर काढले. त्यांत यहूदाचा राजा हिज्कीयाही होता. चार वर्षांनी सार्गोनचा मुलगा सन्हेरीब फौज घेऊन उतरला.

हिज्कीयाला संकट दिसत होते, याच्या खुणा आज यरुशलेममध्ये उघड्यावर आहेत. जुन्या शहराच्या ज्यू वस्तीत नाहमान अविगाद यांना सुमारे सात मीटर रुंदीचा तट सापडला. हा तट राहत्या घरांवरूनच गेलेला आहे, घरे पाडून त्यांच्या जोत्यांवर बांधलेला. यशया संदेष्टा २२व्या अध्यायात शहरवासीयांना सुनावतो की तुम्ही यरुशलेमातली घरे मोजलीत आणि तट मजबूत करायला ती पाडलीत. ओळ वाचून त्या तटाशी उभे राहिले की कोणाचे घर पाडायचे हे ठरवणारा अधिकारी आणि सामान आवरणारे कुटुंब, दोघेही खरे वाटू लागतात. माझ्या लेखी या विषयातला हा सर्वात बोलका पुरावा आहे.

दुसरी खूण पाण्याची. गीहोन झरा तटाबाहेर होता. त्याचे पाणी शहरात आणण्यासाठी खडकातून ५३३ मीटर लांबीचा नागमोडी बोगदा खोदला. त्याचा उतार एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत अवघा ३० सेंटिमीटरच्या आसपास आहे. १८८० मध्ये एका मुलाच्या नजरेस बोगद्याच्या भिंतीवरचा लेख पडला. दोन टोकांकडून खोदत आलेल्या टोळ्या तीन हातांवर आल्या, तेव्हा एकमेकांच्या हाका ऐकू आल्या. मग कुदळीला कुदळ भिडली आणि पाणी बाराशे हात वाहत तळ्यात आले, असे त्यात आहे. गंमत म्हणजे लेखात राजाचे नाव नाही. कौतुक आहे ते खोदणाऱ्यांचे. बायबलमधले ‘२ राजे’ आणि ‘२ इतिहास’ हे दोन्ही ग्रंथ हे काम हिज्कीयाच्या नावावर टाकतात. बोगद्याच्या गिलाव्यातल्या वनस्पतींचे अवशेष आणि आतले चुनखडीचे थर यांची तपासणी करून २००३ मध्ये काळ इ.स.पू. ७००च्या आसपासचा निघाला. बोगदा त्याहून जुना असावा, असे रॉनी राइख आणि एली शुक्रोन यांनी पुढे मांडले, म्हणजे तो वाद मिटलेला नाही. शिलालेख मात्र ऑटोमन काळातच इस्तंबूलला गेला आणि आजही तिथल्याच संग्रहालयात आहे.

आता शत्रूची बाजू. सन्हेरीबच्या मोहिमेची हकीकत मातीच्या षट्कोनी लोलकांवर कोरलेली मिळाली. त्यांतला एक ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. हिज्कीयाची ४६ तटबंद नगरे घेतली, २,००,१५० माणसे बाहेर काढली आणि खुद्द हिज्कीयाला यरुशलेममध्ये ‘पिंजऱ्यातल्या पाखरासारखा’ कोंडला, असा दावा त्यात आहे. खंडणीचा आकडा ३० किक्कार (वजनाचे जुने माप) सोने आणि ८०० किक्कार चांदी. ‘२ राजे’च्या १८व्या अध्यायात सोने तेवढेच, ३० किक्कार, पण चांदी ३०० किक्कार. सोन्याचा आकडा दोन्हीकडे जुळतो, चांदीचा जुळत नाही. विजेत्याने फुगवला की हरलेल्याने कमी केला, की मोजमापच वेगळे होते, हे ठरवता येत नाही. पण खंडणी दिली गेली याबद्दल दोघांचे एकमत आहे. ‘२ इतिहास’ तर ती खंडणी गाळूनच टाकतो.

खरी लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे ती लोलकात जे नाही ती. यरुशलेम जिंकल्याचा दावा सन्हेरीब कुठेच करत नाही. त्याने आपली राजधानी निनवे इथल्या राजवाड्यातले एक अख्खे दालन लाखीश या यहूदातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या नगराच्या पाडावाला वाहिले. ऑस्टिन हेन्री लेयार्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात ते दालन खणून काढले. दगडी फलकांवर तट फोडणाऱ्या यंत्रांना उतारावरून वर ढकलले जात आहे. वरून जळते पलिते पडताहेत आणि यंत्रातला सैनिक लांब पळीने त्यावर पाणी ओतून ते विझवतो आहे. खाली वेशीतून कुटुंबे बैलगाड्यांवर बोचकी लादून निघाली आहेत. शेजारीच माणसांना सुळावर चढवलेले आहे. सिंहासनावर सन्हेरीब बसला आहे आणि लाखीशची लूट त्याच्यासमोरून गेली, असा लेख कोरलेला आहे. ‘२ राजे’मध्ये मात्र लाखीशच्या वाट्याला ओझरता उल्लेख येतो आणि तिथली लढाई सांगितलेलीच नाही. दोन्ही दरबारांनी आपल्याला सोयीचे तेवढे लिहून ठेवले.

लाखीशमध्ये १९३२ पासून जेम्स स्टार्की खणत होते. १९३८ मध्ये वाटेवर त्यांची हत्या झाली. जळालेला तिसरा थर इ.स.पू. ५९७चा, म्हणजे बाबेलच्या (बॅबिलोनच्या) स्वारीचा, असे त्यांचे मत होते. त्यांच्या सहकारी ओल्गा टफनेल यांनी खापऱ्यांचा चिकाटीने अभ्यास करून तो ७०१चा असल्याचे मांडले. बऱ्याच जणांनी ते मानले नाही. डेव्हिड उसिश्किन यांचे उत्खनन १९७३ मध्ये सुरू झाले आणि टफनेल यांचेच म्हणणे खरे ठरले. तटाला भिडवलेला दगडमातीचा चढ, आतून लोकांनी त्याला तोंड देण्यासाठी रचलेला भराव, बाणांची शेकडो टोके, गोफणीचे धोंडे, असे सगळे त्या जागी निघाले. फलकांवरची वर्दळ जमिनीवर ताडून पाहता येते, अशी ठिकाणे जगात फार थोडी आहेत. याच थरात ‘राजासाठी’ असा शिक्का मारलेल्या रांजणांच्या मुठीही मिळाल्या. वेढ्याच्या तयारीत धान्य, तेल आणि द्राक्षरस साठवण्याच्या व्यवस्थेशी त्या जोडल्या जातात.

यरुशलेम का वाचले? ‘२ राजे’ सांगतो की परमेश्वराच्या दूताने एका रात्रीत १,८५,००० असीरियन मारले. असीरियन दप्तरात असे काही नाही. पराभव लिहून ठेवण्याची तिथे रीतच नव्हती. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने मिसरमधली एक कथा दिली आहे. तिच्यात सन्हेरीबच्या सैन्याच्या धनुष्यांच्या दोऱ्या उंदीर कुरतडतात. त्यावरून छावणीत साथ पसरली असावी, असा अंदाज काहींनी बांधला. काहींच्या मते खंडणी मिळाल्यावर सन्हेरीबला शहर घेण्याची गरजच उरली नाही. कुदळीने हे कळणार नाही, आणि चमत्कार झाला की नाही हे तर मुळीच नाही. पुढचा भाग मात्र ताडता येतो. इ.स.पू. ६८१ मध्ये मुलाच्या हातून सन्हेरीबचा खून झाला, हे बाबेलच्या बखरींत आहे आणि ‘२ राजे’मध्येही आहे, फक्त ग्रंथ मधली वीस वर्षे वगळून ते लगेच सांगतो.

वाचलेल्या शहराचा त्याच्या लोकांवर खोल परिणाम झाला. मंदिर असेपर्यंत यरुशलेम पडणार नाही, हा विश्वास पुढच्या शतकभरात पक्का होत गेला आणि यिर्मया संदेष्ट्याने त्याच विश्वासाविरुद्ध मंदिराच्या दारात उभे राहून आवाज उठवला. १९३५ मध्ये लाखीशच्या वेशीतल्या खोलीत शाईने लिहिलेली खापरे सापडली, ती बाबेलच्या शेवटच्या स्वारीच्या सुमाराची. एका खापरावर ठाणेदार कळवतो की लाखीशच्या अग्निसंकेतांवर नजर आहे, पण अजेका हे नगर दिसत नाही. यिर्मयाच्या ३४व्या अध्यायात यरुशलेमखेरीज उरलेली दोनच तटबंद नगरे सांगितली आहेत: लाखीश आणि अजेका. इ.स.पू. ५८६ मध्ये यरुशलेम जाळले गेले. त्या जाळपोळीची राख आणि बाणांची टोके शहराच्या उत्खननात अनेक ठिकाणी मिळाली आहेत.