लाइफबॉयचं स्पेलिंग लिहा बघू, पाकीट न बघता

लाइफबॉय साबणाचं स्पेलिंग पाकीट न बघता एका कागदावर लिहा. बरेच जण शेवटी बी-ओ-वाय लिहून मोकळे होतात, कारण आपण बोलतो तसंच. पाकिटावर मात्र बी-यू-ओ-वाय असतं, म्हणजे समुद्रात बुडणाऱ्याला फेकतात ती तरंगणारी रिंग, मुलाचा काही संबंध नाही. आता मॅगी लिहा. शेवटी नुसता आय आहे, ई नाही, कारण ते ज्युलियस मॅगी नावाच्या स्विस माणसाचं आडनाव आहे. किसान जॅममध्ये एस दोन आहेत आणि फिलिप्स रेडिओत एल एकच. लहानपणापासून न्हाणीघरात, स्वयंपाकघरात, शोकेसमध्ये हजारो वेळा डोळ्यांसमोरून गेलेली ही नावं, आणि चूक दाखवली की पहिली रिअॅक्शन काय, तर "आमच्या वेळी असं नव्हतं, कंपनीने नंतर बदललंय". बेळगावात तर वरून "खोटं बोलूलालास काय रे?" हेही ऐकावं लागतं.

अमेरिकेत ह्याच प्रकारावरून लोकांनी डोकं फोडायचं बाकी ठेवलंय. तिकडे १९६२ पासून अस्वलांच्या एका कुटुंबाची लहान मुलांची पुस्तकं निघतात, बेरेनस्टेन बेअर्स नावाची, आणि ते नाव म्हणजे लिहिणाऱ्या नवरा-बायकोचं, स्टॅन आणि जॅन यांचं, आडनाव. शेवटची अक्षरं ए-आय-एन. पण ती पुस्तकं वाचून मोठे झालेले कितीतरी लोक शपथेवर सांगतात की ई-आय-एन होतं, आम्ही स्वतः बघितलंय. मग कोणीतरी म्हणालं की आपण सगळे दुसऱ्या पॅरलल विश्वातून इकडे आलोय, तिथे ई होता. पुष्कळ लोकांना एकच चुकीची गोष्ट अशी पक्की आठवणं, ह्याला मंडेला इफेक्ट म्हणतात. २०१० च्या आसपास फिओना ब्रूम नावाच्या बाईंनी हे नाव रूढ केलं, कारण त्यांना आणि आणखी काही लोकांना नेल्सन मंडेला १९८० च्या दशकात तुरुंगातच वारले असं पक्कं आठवत होतं. प्रत्यक्षात मंडेला फेब्रुवारी १९९० मध्ये सुटले, १९९४ ला राष्ट्राध्यक्ष झाले आणि डिसेंबर २०१३ मध्ये गेले. पॅरलल विश्वाबद्दल इथे आणखी बोलत नाही, कारण खरी गोष्ट त्याहून जास्त मजेशीर आहे आणि ती आपल्या कवटीच्या आतच घडते.

आपण वाचताना डोळा ओळीवरून सरळ सरकत जात नाही, उड्या मारतो. एका जागी साधारण पाव सेकंद थांबतो, मग इंग्रजीत सात ते नऊ अक्षरं ओलांडून पुढे. मेंदूच्या डाव्या बाजूला, खाली मागच्या भागात, लिहिलेले शब्द ओळखायला सरावलेला एक पट्टा असतो आणि त्याला शब्द ओळखायला पुरेसा पुरावा मिळाला की तो लगेच अर्थाकडे आणि उच्चाराकडे गाडी सोडून देतो. लाल पाकीट, त्याचा तो वास, सुरुवातीला एल, एवढ्यावर काम भागतं. यू आधी की ओ आधी हे बघायची दुकानदाराला गरज नाही, गिऱ्हाईकालाही नाही. म्हणजे हजार वेळा बघितलं म्हणून हजार वेळा नोंद झाली असं होत नाही, ओळख पटली की विषय संपला.

ह्यावर प्रयोग झालेत आणि निकाल वाचून जरा गंमत वाटते. २०१५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस कॅम्पसवर ८५ विद्यार्थ्यांना अॅपल कंपनीचा लोगो मनाने काढायला सांगितला, ज्यातले बहुतेक जण अॅपलच्याच वस्तू वापरणारे, आणि पूर्ण बरोबर काढला फक्त १ जणाने. बरं, काढायचं सोडा, समोर बरेच लोगो ठेवून खरा निवडायला सांगितला तर तेही निम्म्याहून कमी लोकांना जमलं. त्याहून भारी गोष्ट म्हणजे काढायच्या आधी विचारलं तेव्हा सगळ्यांचा कॉन्फिडन्स भरपूर होता, काढून झाल्यावर तो घसरला. २०१८ चा जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातला प्रयोग तर छोट्या जी ह्या अक्षरावर आहे. छापील पुस्तकात येतो तो दोन गोलांचा जी आपण आयुष्यभर वाचतो, पण ३८ मोठ्या माणसांना विचारलं की छापताना दोन वेगवेगळ्या रूपांत येणारी अक्षरं कोणती, तर जी चं नाव फक्त २ जणांनी घेतलं आणि दोन्ही रूपं नीट लिहिता आली ती १ जणालाच. तुम्हीही लिहून बघा, खालचं शेपूट नक्की कुठल्या बाजूला वळतं ते आठवताना हात थांबतो.

मग स्पेलिंग लिहायची वेळ आली की मेंदू काय करतो? केंब्रिजमध्ये फ्रेडरिक बार्टलेट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९३२ मध्येच सांगून ठेवलंय की आठवण म्हणजे कपाटातून काढलेली फाईल नव्हे, ती दरवेळी नव्याने जुळवली जाते. त्याने इंग्लंडमधल्या लोकांना उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक लोककथा वाचायला दिली आणि काही दिवसांनी, काही महिन्यांनी परत सांगायला लावली, तर गोष्टीतल्या अनोळखी गोष्टी हळूहळू ओळखीच्या होत गेल्या. गल्लीतल्या टेलरकडे मापाचा कागद हरवला की तो तुमच्या वयाच्या माणसाचं नेहमीचं माप धरून शर्ट शिवतो, तसं मेंदू नेहमीचं माप धरतो. अमेरिकन माणसाला आइनस्टाइन, फ्रँकनस्टाइन अशी ई-आय-एन ने संपणारी नावं तोंडपाठ, म्हणून बेरेनस्टेनलाही तेच शेपूट लागतं. हजार माणसं एकसारखी चुकतात ती एकसारख्या मापामुळे.

हे माप आपल्याकडे लावून बघू. बेळगावचं जुनं इंग्रजी स्पेलिंग आठवा. शेवटी जी-ए-यू-एम. आता जळगाव, मालेगाव, कोरेगाव, गोरेगाव ह्यांची स्पेलिंगं आठवा, सगळी जी-ए-ओ-एन. इतक्या गावांच्या गर्दीत आपलंच एकटं यू-एम वालं. म्हणजे जुन्या शाळेच्या पाटीवरचं स्पेलिंग मनाने लिहिताना कोणी चुकलाच तर तो कुठल्या बाजूला चुकणार हे आधीच सांगता येतं, तो ओ-एन लिहिणार, उलटं होणार नाही. जळगाववाला आपल्या गावाला यू-एम लावताना मी तरी अजून बघितला नाही.

पण सगळं ह्या एका कारणात बसत नाही हेही सांगायला हवं. शिकागो विद्यापीठातल्या दीपश्री प्रसाद आणि विल्मा बेनब्रिज यांनी २०२२ मध्ये ४० प्रसिद्ध चित्रं आणि लोगो घेऊन १०० लोकांवर प्रयोग केला, प्रत्येकाचं एक खरं आणि दोन बदललेली रूपं दाखवून खरं कुठलं ते निवडायचं. ४० पैकी फक्त ७ ठिकाणी बहुतेक लोक खात्रीने एकच विशिष्ट चुकीचं चित्र निवडत होते. पिकाचू ह्या पिवळ्या कार्टून प्राण्याच्या शेपटीच्या टोकाला काळा रंग आहे असं ठामपणे सांगणारे भरपूर निघाले, तो तिथे नाहीच. लोकांनी चित्र नीट बघितलंच नसेल म्हणावं तर नजर कुठे जाते तेही तपासलं आणि त्यात खास फरक सापडला नाही. म्हणजे काही चुका अशा आहेत की सगळ्या माणसांची डोकी त्याच खड्ड्यात का जातात ह्याचं एकच उत्तर अजून हातात नाही.

आता सीमाभागाची गोष्ट. अमेरिकेतल्या त्या अस्वलांच्या बाबतीत एक स्पेलिंग बरोबर आणि एक चूक, हिशोब सोपा. आपल्याकडे तसं नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी ह्या पट्ट्यात वाढलेलं मूल मराठी माध्यमात देवनागरी शिकतं, बसच्या पाट्या कन्नडमध्ये वाचतं आणि दुकानाचे बोर्ड तिन्ही लिप्यांत बघत शाळेला जातं. एकाच नावाची तीन कपडे घातलेली रूपं, आणि तिन्ही खरी. कन्नड लिपीत चिकोडीच्या पाटीवर क ला क जोडलेला असतो, निपाणीच्या पाटीवर प ला प, मराठीत दोन्ही एकेरी. कन्नडात ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए वेगळे, ओ चंही तसंच, देवनागरीत ती सोय आपण वापरत नाही, त्यामुळे बेळगावचा तो तोकडा बे कानाला कळतो पण मराठी पाटीवर दिसत नाही. बंगळूरच्या सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांवर केलेला २००७ चा अभ्यास आहे, त्यात दिसतं की इंग्रजीची २६ अक्षरं उरकतात तशी ही शेकडो जोडाक्षरं पटकन उरकत नाहीत, मुलं चौथीपर्यंत सुद्धा ती पक्की करतच असतात. आपली पोरं हे काम दोन लिप्यांत एकदम करतात आणि वरून इंग्रजी, कौतुक कोणी करत नाही ते सोडा.

त्यात अधूनमधून नावंच खरोखर बदलतात. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम महाराष्ट्र सरकारने १९६२ मध्ये मान्य केले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, नांवचं नाव झालं, गांवचं गाव. पण हात लगेच बदलत नाहीत, त्यामुळे जुन्या पाट्या, लग्नपत्रिका, आजोबांची पत्रं ह्यांत टिंब असलेलं बेळगांव कितीतरी वर्षं राहिलं. मग १ नोव्हेंबर २०१४ ला कर्नाटकातल्या १२ शहरांची इंग्रजी नावं बदलली, हुबळी, म्हैसूर, विजापूर सगळीच, त्यात आपलंही, आणि यू-एम जाऊन शेवटी व्ही-आय आलं. कन्नडमध्ये ते आधीपासून बेळगावीच होतं, बदललं इंग्रजी. त्यावरचं राजकारण सगळ्यांना माहीत आहे, इथे नको. मुद्दा असा की एखादी मावशी म्हणते माझ्या शाळेच्या पाटीवर टिंब होतं आणि भाचा म्हणतो नव्हतंच, तर दोघंही खरं बोलत असू शकतात. पाटी तीच, मध्ये रंगारी येऊन गेला. म्हणून सीमाभागात कोणाच्या आठवणीला चूक म्हणायच्या आधी पाटी रंगवल्याचं साल विचारायचं.

मेंदूला रूप लक्षात राहतं, पण ते कुठल्या भिंतीवर, कुठल्या साली बघितलं हे त्याच्याबरोबर चिकटून राहीलच असं नाही. मार्सिया जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये ह्यावर सविस्तर लिहिलं, की आठवणीचा उगम आपण नंतर अंदाजाने ठरवतो. मग काल मोबाईलवर वाचलेलं स्पेलिंग तिसरीतल्या पाटीवर जाऊन बसतं आणि आपल्याला वाटतं ते तिथेच होतं.

वर्गातल्या मुलींची नावं घ्या. सविता, गीता, ज्योती. महाराष्ट्राच्या पद्धतीने इंग्रजीत लिहिताना त ला नुसता टी, कर्नाटकात मात्र त साठी टी-एच लिहायची पद्धत आहे, कारण तिकडे नुसता टी हा ट साठी राखून ठेवलाय. शाळा सुटल्यावर एक मैत्रीण पुण्याला गेली आणि एक बंगळूरला, आणि दोघींना वीस-पंचवीस वर्षांनी विचारलं की आपल्या वर्गातल्या सविताच्या वहीवर एच होता का, तर माझा अंदाज असा की पुण्याची नाही म्हणेल आणि बंगळूरची होता म्हणेल, कारण दोघी वही आठवत नाहीयेत, आज रोज दिसणाऱ्या मापाने ती परत लिहितायत. हा अंदाजच आहे, पण दाखल्यावर एक, रेशन कार्डावर दुसरं आणि पासपोर्टवर तिसरं नाव घेऊन हेलपाटे मारणाऱ्या घरांना तो पटेल. कन्नडातून इंग्रजी करणारा एका पद्धतीने करतो, मराठीतून करणारा दुसऱ्या, आणि घरातला माणूस तिसऱ्याच स्पेलिंगवर ठाम असतो, "जन्मापासून असंच लिहितोय की" म्हणत.

चुकीचं वाचण्याचाही परिणाम होतो, आणि हा भाग मास्तर लोकांसाठी. लॅरी जेकोबी आणि अॅन हॉलिंग्सहेड यांनी १९९० मध्ये दाखवलं की चुकीचं स्पेलिंग नुसतं वाचलं तरी नंतर तो शब्द लिहिताना चुकायची शक्यता वाढते. मुलांच्या वह्या तपासून तपासून स्वतःचंच शुद्धलेखन बिघडलं ही शिक्षकांची तक्रार त्यामुळे अगदीच बहाणा नाही. व्हॉट्सअॅपवर दिवसभर जे येतं त्याचा हिशोब कोणी करायचा!

आणि बोलण्याचाही परिणाम होतो. २००१ मध्ये हेन्री रोडिगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना घरातल्या दृश्यांचे फोटो दाखवले, मग जोडीने आठवायला बसवलं, जोडीतला एक जण त्यांचाच माणूस, तो मुद्दाम फोटोत नसलेल्या वस्तू सांगायचा. नंतर एकट्याने लिहायला लावलं तर समोरच्याच्या कागदावर त्या नसलेल्या वस्तूही आल्या. शाळेच्या ग्रुपवर एकाने छातीठोक स्पेलिंग टाकलं की पुढचे दहा जण "हो हो तसंच" म्हणतात ते सगळे खोटारडे नसतात, त्यांना आता खरंच तसं दिसतंय.

त्यामुळे घरी हा खेळ खेळायचा तर आधी बोलायचं नाही. प्रत्येकाला वेगळा कागद द्या, गुगल बंद, लिहून झालं की शेजारी किती खात्री आहे ते दहापैकी मार्कांत लिहायला लावा, मग कागद उघडा. साबण, जॅम, रेडिओ, पेन्सिल काहीही घ्या, ज्याचं जुनं पाकीट किंवा डबा समोर ठेवता येईल असं. फक्त चिकोडी घेऊ नका, तिथे एक क वालाही बरोबर निघेल आणि दोन क वालाही, आणि जेवण थंड होईपर्यंत भांडण मिटणार नाही.