आयटीपी (इंटरॅक्टिव्ह टेलिकम्युनिकेशन्स प्रोग्रॅम), न्यूयॉर्क

आयटीपी हा न्यूयॉर्क विद्यापीठातला दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम. स्थापना १९७९ ची. संगणक, इलेक्ट्रॉनिक्स आणि कला यांच्या सीमेवरच्या शिक्षणाचा विषय निघाला की पहिल्या दोन-तीन नावांत हे नाव येतेच. अभ्यासक्रम विद्यापीठाच्या टिश स्कूल ऑफ द आर्ट्स या कलाशाळेकडे आहे, अभियांत्रिकी महाविद्यालयाकडे नाही, आणि इथल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा तेवढ्यावरून होतो. प्रवेशासाठी प्रोग्रॅमिंग येण्याची अट नाही. वास्तुविशारद, पत्रकार, नर्तक, संगीतकार असे लोक एकाच बाकावर बसून पहिल्यांदा सोल्डरिंग शिकतात. पदवी मास्टर ऑफ प्रोफेशनल स्टडीज अशी मिळते. गुणांची टक्केवारी नसते. उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण, एवढेच.

नावातल्या ‘टेलिकम्युनिकेशन्स’वरून टेलिफोन खात्याची आठवण होते, पण त्यामागे इतिहास आहे. कॅनडात जन्मलेल्या रेड बर्न्स (१९२५–२०१३) यांनी माहितीपटकार जॉर्ज स्टोनी यांच्यासोबत १९७१ मध्ये याच विद्यापीठात ‘ऑल्टरनेट मीडिया सेंटर’ काढले. हातात धरून चित्रण करता येईल असा व्हिडिओ कॅमेरा तेव्हा नुकताच बाजारात आला होता, आणि केबल टीव्हीची तार घरोघरी पोहोचू लागली होती. ही साधने सामान्य माणसाच्या हाती दिली तर तो त्यांचे काय करील, हा या केंद्राचा प्रश्न होता. पेनसिल्व्हेनियातल्या रेडिंग गावी त्यांनी ज्येष्ठ नागरिकांसाठी दुतर्फा केबल टीव्ही चालवून पाहिला. एका वस्तीतल्या केंद्रात बसलेल्या आजीबाई दुसऱ्या वस्तीतल्यांशी पडद्यावरून बोलत, आणि कार्यक्रम तीच माणसे चालवत. पुढे या केंद्रातूनच आयटीपी उभे राहिले. तंत्र बदलत गेले, केबल जाऊन सीडी-रॉम आले, मग वेब, मग सेन्सर. ‘माणूस याचे काय करील’ हा प्रश्न मात्र राहिला.

पहिल्या सत्रातले दोन विषय या अभ्यासक्रमाचा कणा मानले जातात : फिजिकल कम्प्युटिंग आणि कम्प्युटेशनल मीडिया. पहिल्याला इथे सगळे ‘पीकॉम्प’ म्हणतात. तो डॅन ओसुलिव्हन आणि टॉम आयगो यांनी घडवला. संगणकाला माणूस कसा दिसतो याचे ओसुलिव्हन यांनी काढलेले एक चित्र या वर्गात प्रसिद्ध आहे. त्यात ना धड, ना पाय : एक बोट, त्यावर एक डोळा आणि दोन कान. कळफलक-माउससाठी बोट, पडद्यासाठी डोळा, आवाजासाठी कान. बाकीच्या देहाशी यंत्राला देणेघेणे नाही. त्या उरलेल्या देहाचे पुढे काय करायचे, हे शोधणे म्हणजे पीकॉम्प.

सुरुवात अगदी किरकोळ गोष्टीने होते. एक ब्रेडबोर्ड (तारा नुसत्या खुपसून जोडायचा फलक), एक मायक्रोकंट्रोलर (एका चिपवरचा छोटा संगणक), एक बटण, एक एलईडी. ब्रेडबोर्डवर पाच-पाच भोकांच्या ओळी आतून जोडलेल्या असतात आणि मधल्या खाचेपलीकडच्या ओळी वेगळ्या असतात, हे समजायलाच नवख्याची एक दुपार जाते. एलईडीचा लांब पाय धन बाजूला. सोबत २२० ओहमचा रोधक, नाहीतर दिवा एकदा झळाळून कायमचा विझतो. मग बटण. एका बाजूने वीज दिली, दुसरी बाजू मायक्रोकंट्रोलरच्या पिनला जोडली, दाबले की चालू, हे सरळ वाटते. प्रत्यक्षात बटण सोडल्यावरही यंत्र कधी ‘दाबले’ सांगते, कधी ‘नाही’. नुसता हात जवळ नेला तरी आकडे बदलतात. कारण बटण सुटले की ती पिन कशालाच जोडलेली नसते, अधांतरी असते, आणि हवेतल्या विजेच्या गोंगाटालाच उत्तर म्हणून घेत बसते. पिनपासून ‘ग्राउंड’पर्यंत, म्हणजे शून्य व्होल्टच्या टोकापर्यंत, १० किलोओहमचा रोधक जोडला की ती शांत होते. मग पुढची खोडी : एकदा दाबलेले बटण यंत्र चारदा मोजते. आतला धातूचा पत्रा टेकताना काही मिलिसेकंद उसळत असतो. माणसाला ते जाणवत नाही, यंत्राला सगळे ऐकू येते.

पुढच्या आठवड्यांत ‘हो-नाही’च्या जागी ‘किती’ येते : संवेदकाकडून पिनवर येणारा विजेचा दाब मोजायचा. आर्डुइनो या मायक्रोकंट्रोलर-बोर्डाच्या जुन्या ५ व्होल्टच्या प्रकारावर हा दाब १,०२४ पायऱ्यांत वाचला जातो, ० ते १०२३. म्हणजे एक पायरी साधारण ४.९ मिलीव्होल्टची. प्रकाशसंवेदकावर तळहात धरला की आकडा ८०० वरून २०० वर घसरताना दिसतो, आणि बहुतेकांना विषय तिथे पहिल्यांदा कळतो. अलीकडे वर्गात वापरले जाणारे नॅनो ३३ आयओटी हे बोर्ड ३.३ व्होल्टचे आहे. त्याच्या पिनला जुन्या सवयीने ५ व्होल्ट दिले की चिप जाते, आणि ती जाताना धूर निघेलच असेही नाही.

त्यानंतर सिरियल संवाद. बोर्ड एकेक बाइट पाठवतो, संगणक वाचतो. सेकंदाला ९,६०० बिट, प्रत्येक बाइटला मागेपुढे खुणेचे बिट धरून दहा. म्हणजे सेकंदाला ९६० बाइट. आकडा कुठे संपतो हे दोघांनी आधी ठरवले नसेल तर ‘५१२’ पाठवलेले पलीकडे ‘५’ आणि ‘१२’ म्हणून पोहोचते. म्हणून ओळ संपल्याची खूण लावायची. त्याहून खात्रीची रीत ‘हाक आणि ओ’ची आहे : संगणकाने मागितल्याशिवाय बोर्डाने बोलायचे नाही.

इथे शिकवताना माणूस आणि यंत्र यांच्यातल्या संवादाची (इंटरॅक्शनची) एक व्याख्या वापरली जाते. ती खेळरचनाकार ख्रिस क्रॉफर्ड यांची. दोन पात्रे आळीपाळीने ऐकतात, विचार करतात आणि बोलतात, ते संवादी. या व्याख्येवर घासले की बाजारातली बरीच ‘इंटरॅक्टिव्ह’ वस्तू दार उघडले की नुसत्या लागणाऱ्या फ्रीजच्या दिव्याच्या पंक्तीला जाऊन बसते. व्याख्येचा झटका प्रोग्रॅम लिहितानाही बसतो. नवखा विद्यार्थी दिवा लुकलुकवण्यासाठी ‘डिले’ ही आज्ञा वापरतो, एक हजार मिलिसेकंद थांब. त्या सेकंदात कुणी बटण दाबून सोडले तर यंत्राला ते कळतच नाही. ते थांबलेले असते, म्हणजे बहिरे असते. मग थांबण्याऐवजी दर फेरीत घड्याळ पाहायला शिकवतात. पाहुणा बोलत असताना आपण फोनमध्ये असावे, तसाच तो ‘डिले’चा प्रकार.

कम्प्युटेशनल मीडिया हा विषय पडद्यावरचा. डॅनियल शिफमन यांच्या शिकवण्यामुळे तो जगभर पोहोचला. त्यांचे ‘द कोडिंग ट्रेन’चे व्हिडिओ पाहून प्रोग्रॅमिंग शिकलेली मुले पुण्या-नाशकातही भेटतात. साधन पी-फाइव्ह-जेएस, ब्राउझरात चित्रे काढण्यासाठीचा तयार कोडसंच. प्रोग्रॅमचा ‘सेटअप’ हा भाग एकदाच चालतो, ‘ड्रॉ’ सेकंदाला साधारण ६० वेळा. चित्रफलकाचा शून्यबिंदू वरच्या डाव्या कोपऱ्यात, आणि वाय खाली जाताना वाढतो; शाळेत आलेखवहीवर शिकलेले उलटे करावे लागते.

याच्या जोडीला मजकुरावर प्रोग्रॅम चालवण्याचा एक वर्ग आहे, कवयित्री आणि प्रोग्रॅमर ॲलिसन पॅरिश यांचा. देवनागरी घेऊन तिथे बसणाऱ्याची अडचण मराठी वाचकाने पाहण्यासारखी आहे. ‘मराठी’ हा शब्द अक्षर-अक्षर सुटा करून पडद्यावरून खाली पाडायचा आहे, असे समजा. आपल्या मते अक्षरे तीन. संगणकाच्या मते पाच : म, र, काना, ठ, वेलांटी. काना आणि वेलांटी वेगळी होऊन ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकत खाली येतात. ‘क्षि’ तर एकटीच चार संकेतांची : क, हलन्त, ष, वेलांटी. इंग्रजीत एका ओळीत सुटणारा स्वाध्याय इथे ‘अक्षर म्हणजे नेमके काय’ या जुन्याच प्रश्नावर येऊन थांबतो. दृश्य अक्षराप्रमाणे तोडणारी सोय आता ब्राउझरांत आहे, पण जोडाक्षरे कुठे तोडायची याचे नियम युनिकोडमध्येही बदलत आले आहेत.

या क्षेत्राची साधने बहुतांशी विद्यार्थ्यांच्याच टेबलावर जन्मली. केसी रीअस आणि बेन फ्राय यांनी ‘प्रोसेसिंग’ ही दृश्यकामांसाठीची प्रोग्रॅमिंग भाषा २००१ मध्ये एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये, जॉन माएदा यांच्या गटात असताना सुरू केली. इटलीतल्या इव्हरेया येथील संस्थेत एर्नांदो बारागान या विद्यार्थ्याने २००३ मध्ये प्रबंधासाठी ‘वायरिंग’ नावाचे बोर्ड आणि भाषा केली. तिच्याच पायावर २००५ मध्ये आर्डुइनो आले. त्या पाच जणांच्या गटात मास्सिमो बांझी यांच्यासोबत आयटीपीचे आयगोही होते. आर्डुइनो हे नाव इव्हरेयातल्या एका बारचे, आणि बारचे नाव हजार वर्षांपूर्वीच्या स्थानिक राजाचे. बारागानच्या कामाला श्रेय पुरेसे मिळाले नाही ही तक्रार या वर्तुळात अजून होते, आणि ती अगदीच बिनबुडाची नाही. आर्डुइनोच्या आधी आयटीपीत ‘बेसिक स्टॅम्प’ हा मायक्रोकंट्रोलर वापरत. तो महाग होता, जळला की विद्यार्थ्याला पोटात गोळा यायचा. पी-फाइव्ह-जेएस २०१३ मध्ये लॉरेन मकार्थी यांनी सुरू केले.

विद्यार्थ्यांच्या कामांतले एक सर्वांत गाजलेले ‘पॅकमॅनहॅटन’, २००४ चे. न्यूयॉर्कमधल्या वॉशिंग्टन स्क्वेअरच्या आसपासचे रस्ते हाच पॅकमॅन या जुन्या व्हिडिओ गेमचा पट. पाच जण पोशाख घालून रस्त्यावर पळत, एक पॅकमॅन आणि चार भुते. पाच जण खोलीत बसून नकाशा सांभाळत. जीपीएस नव्हते. प्रत्येक चौकात पोहोचला की धावणारा फोनवरून ‘मी इथे आहे’ सांगे. दुसरे ‘बॉटॅनिकल्स’ : मातीतला ओलावा मोजून झाडच मालकाला फोन करते, पाणी घाल म्हणते. डेनिस क्राउली आणि सहकाऱ्याचे ‘डॉजबॉल’ हे मित्र शहरात कुठे आहेत ते एसएमएसने कळवणारे काम गुगलने २००५ मध्ये घेतले, २००९ मध्ये बंद केले. त्याच वर्षी क्राउली यांनी त्याच जातीचे फोरस्क्वेअर काढले. शिक्षकांपैकी डॅनियल रोझिन यांचा ‘लाकडी आरसा’ (१९९९) हा तर या शाळेचा जणू शिक्काच : ८३० लाकडी चौकोन, प्रत्येकामागे एक मोटर. समोर माणूस उभा राहिला की चौकोन कलतात, त्यांच्यावरची सावली बदलते आणि लाकडात त्याचे रूप उमटते. सगळे चौकोन हलतात तेव्हा होणारी खडखड हा त्यातला अर्धा आनंद आहे.

दरवर्षी पुन्हापुन्हा येणाऱ्या कल्पनांची एक यादीही आयगो यांनी करून ठेवली आहे. हात हलवून वाजणारे वाद्य, पाय ठेवला की उजळणारी फरशी, ओरडले की प्रतिसाद देणारी वस्तू, दूरच्या प्रियजनाला यंत्रातून मिठी. यादीचा हेतू थट्टेचा नाही. ‘हे झालेले आहे’ म्हणून विद्यार्थी कल्पना टाकून देतात, त्यांनी टाकू नये म्हणून ती केली : जुनी कल्पना नीट करून पाहण्यातही शिकण्यासारखे बरेच असते. भारतात आयटीपीच्या जवळचे शिक्षण आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन शाळेत (स्थापना १९६९) मिळते. तिथे इंटरॅक्शन डिझाइनची पदव्युत्तर शाखा आहे. इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तापकीर गल्लीत.

स्वाध्यायाची खरी परीक्षा दुसऱ्याच्या हातात असते. वस्तू टेबलावर ठेवायची, वर्गातल्या कुणाला बोलवायचे आणि गप्प बसायचे. ‘इथे दाबा’ म्हणायचे नाही. तो माणूस नॉब ओढतो, तो फिरवायचा असतो. पडद्याला बोट लावतो, पडदा स्पर्शाचा नसतो. करणाऱ्याचे ओठ शिवशिवतात. आपल्या कामाचा अर्थ आपणच सांगू नये, लोक काय करतात ते पाहावे, असे आयगो यांचे म्हणणे आहे, आणि पहिल्या सत्रात ते पाळणे सोल्डरिंगपेक्षा अवघड जाते. डिसेंबरात आणि मेमध्ये दोन-दोन दिवसांचे खुले प्रदर्शन भरते, तेव्हा हीच परीक्षा अनोळखी माणसे घेतात, त्यांत लहान मुलेही. वर्गात महिनाभर टिकलेली तार तिथे तासाभरात निसटते, आणि विद्यार्थी टेबलाखाली बसून गोंदपिस्तुलाने ती पुन्हा चिकटवताना दिसतो.

आयटीपी अनेक वर्षे मॅनहॅटनमध्ये ७२१ ब्रॉडवेच्या चौथ्या मजल्यावर होते. आता ते ब्रुकलिनमधल्या ३७० जे स्ट्रीट या इमारतीत आहे. हे शहराच्या वाहतूक खात्याचे जुने मुख्यालय. भुयारी रेल्वेच्या स्थानकांवर जमलेले पैसे आणि टोकन खास गाडीने इथे आणून २००६ पर्यंत मोजले जात.