रेनी, सर जॉन शॉ
(१९१७–२००२). ब्रिटिश वसाहत प्रशासक व मॉरिशसचे अखेरचे ब्रिटिश गव्हर्नर. जन्म ग्लासगोचा. १९४० मध्ये टांगानिकात (आताच्या टांझानियाचा मुख्य भूभाग) वसाहत सेवेत रुजू झाले. १९५१ मध्ये मॉरिशसला आले.

१९५५ ते १९६२ ते पॅसिफिकमधील न्यू हेब्रिडीज (आताचे व्हानुआतू) बेटांवर ब्रिटिश निवासी आयुक्त होते. १९०६ पासून तेथे ब्रिटन आणि फ्रान्स यांचा संयुक्त अंमल होता : ध्वज दोन, पोलीसदले दोन, कायदे दोन. मूळ बेटवासी मात्र या दोहोंपैकी कोणत्याच देशाचे नागरिक नव्हते. त्यांनाही थोडे स्थान देणारे सल्लागार मंडळ रेनींच्या काळात, १९५७ मध्ये स्थापन झाले.

१९६२ मध्ये ते मॉरिशसचे गव्हर्नर झाले. बेटाची सारी मदार उसावर. भारतीय वंशाचे लोक (त्यांत मुंबई बंदरातून गेलेल्या मराठी मजुरांचे वंशजही), क्रिओल (आफ्रिकी व मिश्र वंशाचे लोक), फ्रेंच मळेवाले आणि चिनी यांच्यात स्वातंत्र्यावरून तीव्र मतभेद होते. १९६५ व १९६८ मधील दंगलींच्या वेळी आणीबाणी पुकारून ब्रिटिश फौज आणावी लागली.

त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत गंभीर प्रकरण चागोस द्वीपसमूहाचे. हिंदी महासागरातील ही बेटे तेव्हा मॉरिशसच्या अखत्यारीत होती. तेथे अमेरिकेला लष्करी तळ हवा होता. जुलै १९६५ मध्ये बेटे तोडून घेण्याचा लंडनचा प्रस्ताव रेनींनी मॉरिशसच्या मंत्र्यांपुढे ठेवला. मंत्र्यांनी तो नाकारला. दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याची तयारी दाखवली. हे उत्तर रेनींनीच लंडनला कळवले. सप्टेंबरात लंडनमधील परिषदेच्या वेळी ब्रिटनचे पंतप्रधान विल्सन यांनी मॉरिशसचे नेते शिवसागर रामगुलाम यांची भेट घेतली आणि त्यानंतर चित्र पालटले. ५ नोव्हेंबरला मंत्रिमंडळाची संमती रेनींच्या तारेने लंडनला पोहोचली. ८ नोव्हेंबरला चागोस मॉरिशसपासून वेगळे झाले. मोबदला ३० लाख पौंड. चागोसवासीयांना कोणीच विचारले नाही आणि १९७३ पर्यंत त्यांना तेथून हलवण्यात आले. ज्या संमतीची तार रेनींनी पाठवली, ती लोकांच्या मुक्त व खऱ्या इच्छेवर आधारलेली नव्हती, असे मत आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१९ मध्ये दिले. रेनी हे निर्णयकर्ते नव्हते हे खरे. पण गव्हर्नरच्या दप्तरातूनच हा व्यवहार पार पडला, हे त्यांच्या चरित्रातून वगळता येत नाही.

ऑगस्ट १९६७ ची निवडणूक स्वातंत्र्यवादी आघाडीने जिंकली. १२ मार्च १९६८ रोजी पोर्ट लुईच्या शाँ द मार्स मैदानावर चौरंगी ध्वज चढला, तेव्हा रेनी तेथे होते. त्यानंतर काही महिने ते गव्हर्नर-जनरल राहिले. पुढे पॅलेस्टिनी निर्वासितांसाठीच्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या संस्थेत ते गेले. १९७१ ते १९७७ तिचे प्रमुख होते.