हात लागला म्हणून चिमण्या पिलाला मारत नाहीत

'माणसाने शिवलेल्या पिलाला बाकीच्या चिमण्या टोचून मारतात' हे आजीपासून ऐकलेलं, पण खोटं. आई-बाप पिलाला ओळखतात ते मुख्यतः जागेवरून आणि आवाजावरून. हाताचा वास लागला म्हणून टाकत नाहीत.

अंगणात पडलेलं पिल्लू उघडं, गुलाबी असेल तर सरळ घरट्यात ठेवा. घरटं हाताला येत नसेल तर तळाला भोकं पाडलेली छोटी टोपली, आत सुकं गवत, तिथेच जवळ टांगा. पिसं फुटलेलं, टुणटुण उड्या मारणारं असेल तर ते उडायला शिकतंय. फक्त मांजर हाकला, झुडपात ठेवा आणि लांब व्हा. आपण डोक्याशी उभे, म्हणून आई येत नाही!

चोचीत पाणी मात्र ओतू नका. श्वासनलिकेचं तोंड जिभेमागेच असतं, पिल्लू गुदमरतं.