एक्सल छोटा करणं: वेल्ड मारून की नव्याने दाते काढून?

सोयाबीनच्या दोन ओळींत ४५ सेंटिमीटर अंतर ठेवतात. त्यामुळे दोन ओळी पोटाखाली घेऊन चालणाऱ्या फवारणी यंत्राच्या डाव्या-उजव्या चाकांत ९० सेंटिमीटर अंतर लागतं. जुन्या विलीज धाटणीच्या जीपमध्ये हेच अंतर १२२ सेंटिमीटरच्या आसपास भरतं. लातूर-उदगीरकडे किंवा बीडमध्ये कुणी भंगारातलं जीपचं डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाचा फेरा दोन्ही चाकांना वाटून देणारा गिअरचा गोळा, उचलून घरच्या शेतापुरतं यंत्र बांधायला घेतलं, की मधले ३२ सेंटिमीटर काढायचे कसे, हा प्रश्न लगेच समोर येतो.

गॅरेजमध्ये उत्तर मिळतं, "करून देऊ की छोटा." या उत्तरात दोन अगदी वेगळी कामं मावतात. एकात एक्सल शाफ्ट, म्हणजे डिफरन्शियलपासून चाकापर्यंत जाणारा दांडा, मधोमध कापतात, नको तेवढा तुकडा काढून टाकतात आणि उरलेली दोन टोकं वेल्डने जोडतात. दुसऱ्यात शाफ्टचं आतलं, म्हणजे डिफरन्शियलकडचं, टोक कापून टाकतात आणि उरलेल्या शाफ्टवर नव्याने दाते, म्हणजे स्प्लाइन, काढतात. लांबी दोन्हीकडे तीच येते, रंग मारल्यावर दोन्ही सारखे दिसतात आणि वेल्डचं काम बरंच स्वस्त पडतं. तरीही पहिलं काम करून घेऊ नये. का, ते नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण वेल्ड करणारा माणूस खोटं बोलत नसतो. त्याने वेल्ड केलेल्या इतर वस्तू खरोखरच टिकलेल्या असतात.

त्यातली पहिली वस्तू म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत जाणारा. तो कापून, वेल्ड करून, बॅलन्स करून देणं हे रोजचं काम आहे आणि ते बरोबर आहे. पण प्रोपेलर शाफ्ट ही पोकळ नळी असते, व्यासाने मोठी, कमी कार्बनच्या पोलादाची. कारखान्यातही तिला टोकं वेल्डनेच लावलेली असतात. शिवाय तिच्यावर येणारा पीळ डिफरन्शियलच्या आधीचा असतो. समजा इंजिन १५० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे पीळ, देतं, पहिला गिअर तो ४ पट करतो आणि लो रेंज, म्हणजे फोर-व्हीलचा हळू चालणारा गिअर, आणखी अडीच पट. प्रोपेलरवर १५०० येतात. डिफरन्शियल ते आणखी ५ पट करतं, म्हणजे ७५००, आणि त्यातले निम्मे, ३७५०, प्रत्येक एक्सल शाफ्टवर. कोरड्या रस्त्यावर एवढं येण्याआधी टायर घसरतो. पण पावसाळ्यात काळ्या मातीत चाक रुतलं, त्यात दोन्ही चाकं एकत्रच फिरावीत म्हणून डिफरन्शियल वेल्ड करून लॉक केलेलं असलं आणि एकाच चाकाला पकड मिळाली, तर सगळा भार त्या एकाच शाफ्टवर झटक्याने येतो.

दुसरी वस्तू म्हणजे हौसिंग, शाफ्ट ज्याच्या आतून जातो ती बाहेरची नळी. अरुंद डिफरन्शियल बनवताना हौसिंग कापून वेल्ड करावंच लागतं, दुसरा मार्ग नाही. तिथे वेल्ड चालतो, कारण हौसिंग फिरत नाही. ते गाडीचं वजन पेलतं आणि त्याचं पोलादही वेल्ड मानवणारं असतं. हौसिंग जोडलेलं पाहिलेल्या माणसाला शाफ्टही तसाच जोडता येईल असं वाटलं तर नवल नाही.

शाफ्टचं पोलाद मात्र निराळं असतं. त्यात मध्यम कार्बन असतो आणि बाहेरून इंडक्शन हार्डनिंग, म्हणजे विजेने पृष्ठभाग तापवून झटकन थंड करणं, करून काही मिलिमीटर खोल कडक थर दिलेला असतो. आतला गाभा तुलनेने मऊ आणि चिवट राहतो. पीळ बसताना सगळ्यात जास्त ताण पृष्ठभागावर येतो, गाभ्यात जवळजवळ शून्य असतो. म्हणून कडकपणा नेमका बाहेर ठेवलेला असतो. वेल्डची उष्णता नेमकी याच थरावर घाव घालते.

हे डोळ्यांनी पाहता येतं, त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. वेल्ड केलेला शाफ्ट व्हाइसमध्ये धरा आणि बारीक कानस हातात घ्या. वेल्डपासून वीतभर लांब, शाबूत भागावर कानस घासली तर ती नुसती घसरते, लोखंडाचा कीस पडत नाही. तशीच घासत वेल्डकडे या. जोडापासून बोट-दोन बोटं अंतरावर कानस अचानक चावायला लागते आणि चमकदार कीस पडतो. तो पट्टा उष्णतेने मऊ झालेला असतो. आणखी पुढे, जोडाच्या अगदी कडेला, कानस पुन्हा घसरते. तिथलं पोलाद लाल होऊन झटकन थंड झालेलं असतं, म्हणून काचेसारखं कडक आणि ठिसूळ. खुद्द वेल्डचा धातू परत मऊ. म्हणजे चार बोटांच्या जागेत कडक, मऊ, ठिसूळ, मऊ असे पट्टे शेजारी शेजारी तयार होतात आणि प्रत्येक सीमेवर ताण साचतो. तडा बहुधा कडेच्या ठिसूळ पट्ट्यात सुरू होतो आणि गाडी चालत राहते तसा हळूहळू वाढत जातो. "सहा महिने चालला, मग तुटला" याचं कारण हेच.

आधी तापवून, योग्य रॉड वापरून, नंतर राखेत हळू थंड करून वेल्ड केला तर ठिसूळपणा कमी होतो, हे खरं. पण कडक थर गेला तो गेलाच. बाहेरून जाड नळीची बाही चढवून वेल्ड केली तरी तिच्या दोन्ही कडांना तेच घडतं.

आता दुसरं काम. नव्याने दाते काढताना जोड असा कुठे येतच नाही. चाकाकडच्या फ्लँजपासून दात्यांपर्यंत एकच अखंड धातू राहतो. दात्यांची खोलीही कमी असते. २४ पिचचे, म्हणजे व्यासाच्या दर इंचामागे २४, दाते असतील तर साधारण सव्वा ते दीड मिलिमीटर. कडक थर त्याहून बराच खोल असेल तर दाते काढूनही खाली तो शिल्लक राहतो. एवढ्या कडक धातूवर साधं कटर टिकत नाही, कार्बाइडचं लागतं. काही जण शाफ्टचं टोक तापवून मऊ करतात, दाते काढतात आणि पुन्हा हार्डनिंग करून घेतात. ही पद्धत चालते, फक्त "पुन्हा हार्डनिंग" ही पायरी खरंच झाली का, हे विचारून घ्यावं. मऊ दाते काही दिवसांत एका बाजूला वाकतात आणि गाडी पुढे-मागे घेताना टक टक आवाज येऊ लागतो.

या कामाला खरी अडचण येते ती व्यासाची, आणि ती कापण्याआधीच तपासायची असते. बरेच कारखानी शाफ्ट दात्यांच्या मागे बारीक होत जातात. २८ दात्यांचा, २४ पिचचा शाफ्ट धरा. त्याच्या दात्यांचा बाहेरचा व्यास साधारण ३०.७ मिलिमीटर येतो. आता १६ सेंटिमीटर आत सरकून नवे दाते काढायचे आहेत आणि तिथे शाफ्ट २८ मिलिमीटरचाच असेल, तर दात्यांसाठी धातूच उरलेला नाही. तो शाफ्ट छोटा होऊ शकत नाही, कितीही चांगला टर्नर असो. अशा वेळी "वेल्डने भर टाकून व्यास आणतो" असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. नाव दाते काढण्याचं आणि काम वेल्डचंच, तेही सगळ्यात नाजूक जागी. साइड गिअर म्हणजे डिफरन्शियलमधला, शाफ्टचे दाते ज्यात बसतात तो गिअर. कमी दात्यांचा, बारीक साइड गिअर बसवून तोच शाफ्ट वापरायचा विचारही जपून करावा. पिळाची ताकद व्यासाच्या घनाप्रमाणे बदलते. ३० मिलिमीटरचा शाफ्ट २७ केला तर ती २७ टक्क्यांनी घटते.

दाते काढायला हॉबिंग मशीन, म्हणजे गिअरचे दाते कापणारं मशीन, उत्तम. छत्रपती संभाजीनगरकडच्या वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतींत गिअरची कामं करणारे जॉबवाले असतात, तिथे ही सोय शोधावी. मिलिंग मशीनवर डिव्हायडिंग हेड, म्हणजे शाफ्ट मोजून थोडाथोडा फिरवणारं साधन, लावूनही दाते येतात, पण मोजणी काटेकोर हवी. २८ दात्यांसाठी ४० फेऱ्यांच्या हेडवर, म्हणजे हँडलच्या ४० फेऱ्यांत शाफ्ट एकदा फिरतो त्यावर, प्रत्येक दात्याला एक पूर्ण फेरा आणि २१ छिद्रांच्या वर्तुळावर ९ छिद्रं पुढे, असं २८ वेळा. एखाद्या वेळी एक छिद्र चुकलं तर पुढचे सगळे दाते सरकतात. मग गिअरमध्ये शाफ्ट बसतोही कधी कधी, पण भार दोन-चार दात्यांवरच येतो. म्हणून डिफरन्शियलमधला साइड गिअर सोबत घेऊन जा आणि नवे दाते त्याच्यातच घालून बघा. चारही बाजूंनी फिरवून, प्रत्येक वेळी हाताने सरकला पाहिजे आणि डगमगता कामा नये. जुन्या गाड्यांत काही शाफ्टना थोडे आणि रुंद दाते असतात. त्यांचं कटर वेगळं, म्हणून नुसता आकडा सांगून भागत नाही.

दोन्ही कामं टाळणारी एक युक्तीही आहे आणि मला ती सगळ्यात आवडते. विलीज धाटणीच्या जीपमध्ये मागचं डिफरन्शियल मधोमध नसतं, एका बाजूचा शाफ्ट लांब आणि दुसऱ्या बाजूचा आखूड असतो. भंगारातून आणखी एक आखूड शाफ्ट मिळवायचा, लांब बाजूचं हौसिंग तेवढं कापायचं आणि दोन्हीकडे आखूडच शाफ्ट घालायचा. शाफ्टला कानसही लावायची नाही. फोर्डच्या एक्सप्लोरर गाडीचं ८.८ इंची डिफरन्शियल जगभरचे हौशी लोक असंच अरुंद करतात. यात रुंदी किती घटणार हे दोन शाफ्टच्या फरकावर ठरतं. आपल्याला ३२ सेंटिमीटर हवेत म्हणून तेवढे मिळतीलच असं नाही. पण ओळींतलं अंतर जास्त असलेल्या पिकाला किंवा मोसंबीच्या बागेत फिरायला तेवढं पुरेल का, हे आधी मोजून बघावं.

अगदीच जमत नसेल तर नवा शाफ्ट करून घ्यायचा. त्यासाठी ईएन १९ किंवा ईएन २४ या ग्रेडच्या पोलादाचा गोल बार, व्यवस्थित हीट ट्रीटमेंट केलेला, लागतो. जालन्यात पोलाद मुबलक आहे, पण तिथल्या रोलिंग मिलमधून निघते ती प्रामुख्याने बांधकामाची टीएमटी सळई. ती शाफ्टला चालत नाही. बार घेताना ग्रेडचं टेस्ट सर्टिफिकेट मागा.

कामाचा क्रमही महत्त्वाचा. आधी हौसिंग कापून, सरळ दांड्यावर रेषेत धरून वेल्ड करून घ्या. वेल्ड थंड झाल्यावर नळी थोडी आकसते आणि वाकतेही, म्हणून शाफ्टची लांबी त्यानंतरच मोजायची. मोजताना दाते साइड गिअरमध्ये निदान शाफ्टच्या व्यासाइतके आत गेले पाहिजेत आणि टोक डिफरन्शियलच्या मधल्या पिनला टेकता कामा नये.

कुणी तयार आखूड शाफ्ट विकायला आणला आणि त्यावर ताजा रंग असेल, तर रंग खरवडून पॉलिश पेपर मारा आणि सर्किट बोर्डसाठी मिळतं ते फेरिक क्लोराइड हातमोजे घालून कापसाने लावा. अखंड धातू सगळीकडे सारखा राखाडी पडतो. वेल्ड असेल तर काही मिनिटांत वेगळ्या छटेचा पट्टा गोल फिरलेला दिसतो. बऱ्याच जीपच्या मागच्या एक्सलमध्ये हे बघणं अधिकच गरजेचं, कारण तिथे शाफ्ट नुसता फिरवत नाही, चाकही तोच धरून असतो. तो तुटला की चाक निसटून बाहेर येऊ शकतं. ट्रकच्या चाकाच्या मध्यावर बोल्टांचं कडं दिसतं. ते खोललं की गाडी चाकांवर उभी असताना शाफ्ट ओढून काढता येतो, कारण तिथे वजन शाफ्टवर नाही, हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्यावर, असतं.

हे सगळं शेतातल्या यंत्रापुरतं. नोंदणी झालेल्या गाडीत असा बदल मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ खाली येतो, तेव्हा आरटीओकडे विचारल्याशिवाय हात लावू नका. आणि शेतातही, ९० सेंटिमीटरवर आणलेलं यंत्र बांधावर तिरकं चढवण्याआधी फवारणीची टाकी रिकामी करा.